झुमराच्या आवाजाची दुरुस्ती

झुमरा बेगानोविच यांनी बोस्नियातल्या उना नदीकाठच्या स्टेशनवर उभा जन्म गाड्यांच्या घोषणा केल्या. पुढे गाड्या थांबल्या आणि झुमराही निवृत्त झाल्या. आवाज मात्र कामावरच राहिला.

मशिदीत बायका वरच्या सज्जात बसत. तिथला कर्णा कधीच मुका झाला होता. समितीचे अध्यक्ष हाजी नेझीर यांच्याकडे झुमरांनी नव्या कर्ण्याची मागणी केली, की ते म्हणत, "सज्जात कसला कर्णा? बिदत आहे ती! धर्मात नव्या टुमा नकोत." खाली पुरुषांच्या पायांखाली गरम पाण्याच्या नळ्या घातल्या, तेव्हा मात्र धर्म थंडीने गारठला होता म्हणे.

त्या वर्षी हाजींनी मोठं व्याख्यान ठरवलं: इस्लाम, मानवी हक्क आणि सचोटीचा कारभार. साराएवोहून तरुण विद्वान आले. रंगात येऊन ते सांगत होते, की खलिफा उमर भर मशिदीत बोलत असताना एक बाई उठली आणि तिने त्यांना तिथल्या तिथे खोडून काढलं.

वरून खणखणीत आवाज आला. "बाईने काय केलं? आम्हाला काही ऐकू येत नाहीये!"

हाजी ताडकन उठले. "झुमराबाई, गप्प बसा! पाहुणे बायकांच्या बोलण्याच्या हक्काबद्दल सांगतायत. मध्ये बोलू नका!"

मग म्हातारे इमाम रिफात एफेंदीच आधी खुदकन हसले आणि पाठोपाठ सगळी मशीद हसली. हाजी कानापर्यंत लाल झाले. पाहुणे गेल्यावर एफेंदी त्यांना एवढंच म्हणाले, "हाजी, कर्णा बसवा. आणि तिला समितीत घ्या. बाहेर राहिली तर आणखी मोठ्याने बोलेल."

समितीत गेल्यावर झुमरांना कळलं, की सगळे निर्णय आदल्या दिवशीच हाजींच्या घरी कॉफीवर होतात. मग त्याही आमंत्रणाशिवाय तिथे जाऊ लागल्या. हाजींची बायको शाचिरा दार उघडून म्हणायची, "ये गं बाई. यांचं ऐकायला मी एकटीच किती पुरी पडणार?"

रमजानच्या तोंडावर कर्णा बसला. पहिल्याच शुक्रवारी हाजींनी नमाजानंतर घोषणा केली, "माता-भगिनींनी ऐकावं, ही माझी फार वर्षांची तळमळ होती."

सज्जातल्या बायका झुमरांकडे बघू लागल्या. स्टेशनात त्यांना उलट बोलणारं कुणी नव्हतं; इथे होतं. त्या कठड्याशी आल्या. "आता स्वच्छ ऐकू येतंय, हाजी. म्हणून सांगते, हे खोटं आहे."

हाजींनी एफेंदींकडे पाहिलं. एफेंदींनी जपमाळेकडे पाहिलं. शेवटी हाजी खाकरले. "म्हणजे... तळमळ झुमराबाईंची. विरोध माझा. दोन्ही बरीच वर्षं चालली."

एवढं कबूल करायला त्यांना घाम फुटला होता.

समितीच्या अध्यक्षपदाच्या पुढच्या निवडणुकीत बायकांनी झुमरांना उभं राहायचा आग्रह केला. झुमरांनी मत दिलं ते हाजींनाच. शाचिरा चिडली, "अगं, तुला वेडबिड लागलंय का?"

"नवा माणूस आणला तर त्याला पहिल्यापासून शिकवावं लागेल," झुमरा म्हणाल्या. "हा निम्मा तरी तयार झालाय."