आक्कांचं भोपळ्याचं सार

१९८२ साल. मी तेहतीस वर्षांचा. औशात आमच्या शेजारच्या आक्का भोपळ्यावर टकटक करायच्या, कान लावायच्या आणि मला हाक मारायच्या, "ये रे बाबा, पहिला घाव घाल."

अख्खा भोपळा बाईनं फोडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. तुमच्याकडंही असेल. आक्का विधवा, मुलगा नोकरीपायी सदा बाहेर, म्हणून सुरी माझ्या हातात. शाळा मी चौथीत सोडली, पण विहीर खोदण्यात मला तालुक्यात तोड नव्हती. हे मी आजही सांगतो. आक्का चिडवायच्या, "पाताळ फोडनाऱ्याला भोपळा फुटंना व्हय?"

मग सार. फोडी आलं-लसूण घालून मऊ शिजवायच्या, रवीनं घोटायच्या, वरून दूध, वाटीभर साय, मिरपूड. आता हाटेलात त्यालाच सूप म्हणतात.

पण शिजवताना जीभ लावायची नाही. आक्का लिंगायत. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन नैवेद्य दाखवायचा, मगच चव. आणि एकदा दाखवला की तो प्रसाद; थेंब उरू द्यायचा नाही. वाटी धुतलेलं पाणीसुद्धा त्या प्यायच्या.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. लातूर जिल्हा झाला म्हणून फटाके वाजले. आक्का म्हणाल्या, "जिल्हा आला म्हनं. संगं पानी आनलं का?" परड्यातला वेल करपला. त्यावर एकच भोपळा राहिला, वेडावाकडा. घरात सून पोटुशी. तिच्या पोटात दुसरं काही ठरत नव्हतं, ठरायचं ते हे सारच.

मी सुरी घातली. उग्र वास आला.

"आक्का, ह्यो भोपळा बरा दिसंना. कडू भोपळा इखारी असतो, एक फोड चाखा."

"देवाच्या आधी? लाज हाय का न्हाई तुला?"

"मग मी चाखतो."

"नैवेद्याचं उष्टं करतो व्हय, मेल्या!" त्यांनी फोडी ओढून घेतल्या.

मी हटलो नाही. ओसरीवरच बसून राहिलो. सार झालं. सून रिकामी वाटी घेऊन चुलीपाशी बसली. आक्कांनी अख्ख्या पातेल्याचा नैवेद्य दाखवला, आपल्या वाटीतून एक घोट घेतला आणि सुनेच्या हातातली वाटी हिसकली.

"तू खाऊ नगंस. कडू जहर हाय."

"थुका, आक्का!" मी ओरडलो.

"परसाद थुकत्यात व्हय, येड्या?"

मी आक्कांची वाटी धरायला धावलो. त्यांनी माझ्याकडं पाठ केली आणि वाटी संपवली. धुऊन ते पाणीही प्याल्या. माझ्याहून हट्टी माणूस मी तेवढंच पाहिलं.

थोड्या वेळानं उलट्या लागल्या, मग रक्त. जीप मिळवून लातूरला नेलं. दवाखान्याच्या दारात माझं मनगट धरून म्हणाल्या, "सून उपाशी हाय रे. पातेल्याकडं ध्यान ठिव." संध्याकाळी गेल्या.

घरी पातेलं तसंच चुलीवर. जमलेल्या बाया लांबूनच बघत होत्या. देवाला दाखवलेलं फेकायचं कसं? कुणी हात लावीना. झाकण सरकलेलं. वर साय धरलेली, पिवळीधमक. आणि वास, खरं सांगतो, चांगला येत होता. दिवसभराची उपाशी सून पातेल्याकडं एकटक बघत बसलेली. मी तिच्या आणि चुलीच्या मधे जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच मी टिकाव घेतला, परड्यात कमरेइतका खड्डा खणला आणि पातेलं झाकणासकट पुरलं.