दह्याचा गंज आणि जुना कॉम्प्युटर

आज दह्याच्या पातेल्यावरचं, आमच्या गंजावरचं, झाकण काढलं, तर थंडीनं दही लागलंच नव्हतं. नुसत्या दुधाचा वास आला आणि नेरचं घर आठवलं.

तिथला आमचा कॉम्प्युटर जुना झाला होता. हातातल्या पैशांत तेव्हा एकच वस्तू बदलता येणार होती. हे म्हणत होते, मोठा स्क्रीन आणू.

"स्क्रीनचं काय घेऊन बसले, बाबा? कॉम्प्युटरचा डबा तापून बंद पडून राह्यला. पहिले पंखा बदलू," आमची सुनीता म्हणाली.

त्या डब्यामागच्या गरम हवेतच तर मी हिवाळाभर दही लावत होते. दारातूनच म्हटलं, "पंखा थंडी गेल्यावर बदलला तर?"

"काहून वं आई?"

मी डब्यामागून गंज काढून दाखवला. दोघंही पोट धरून हसली. मी लाजून स्वयंपाकघरात पळाले.

पण पंखा होळीनंतरच आला. तोवर डबा बंद पडला की सुनीता चिडायची नाही. गंजाला हात लावून म्हणायची, "आई, तुझं दही लागून राह्यलं." आणि डबा निवेपर्यंत चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसायची.

तेव्हा मला फक्त त्यांचं हसणं ऐकू आलं होतं; दोघांनी पंखा माझ्या दह्यासाठी थांबवला, हे आज कळलं.