उलटी खुर्ची

आमच्या कॉलेजची फिल्म दाखवायची असली की पाठमोरे सर पडद्याकडे पाठ करून बसत. हे आडनाव नव्हे, पोरांनी दिलेलं नाव. ते मराठी शिकवत आणि पोरांच्या फिल्मचा गट सांभाळत; खुर्च्या, वायर, पाणी माझ्याकडे. पहिल्यांदा मी त्यांची खुर्ची सरळ करून दिली. त्यांनी ती पुन्हा फिरवली. "मॅडम, फिल्म तं आपण दहा खेपा पाह्यली. आता मले लोकं पाहू द्या."

गटातल्या प्रणालीची फिल्म तिच्याच गावी, अमडापूरला दाखवली. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून दोन शेजाऱ्यांचं भांडण, एकाचा म्हातारा जातो, मग भाषणं आणि गळाभेट. ही फिल्म स्पर्धेला पाठवायची होती; तिथे निवड झाली नाही तर कॅमेरा सोडून फार्मसीला जायचं, असं तिनं वडिलांना कबूल केलं होतं. आणि नेमक्या मौतीच्या प्रसंगाला बाया हसल्या. वडील उठून गेले.

गावाला सिनेमा कळत नाही, असं म्हणत ती रडायला लागली. 'फिल्म कशी वाटली' हा प्रश्न सर कुणाला विचारूच देत नसत. "कशी वाटली इचारलं का लोक चांगलीच म्हनतात. हसल्या काऊन, ते इचार." तिला घेऊन ते पुढच्या रांगेतल्या एका आजीजवळ सतरंजीवर बसले.

"घरातून मढं गेलं अन् चूल पेटली? कोनाच्या घरी असं असते वं?" आजी म्हणाली.

पडद्यावर मागे चूल धगधगत होती खरी. उजेड छान पडतो म्हणून पोरांनीच पेटवलेली.

"मंग घरचे खातात काय?" सरांनी मुद्दाम विचारलं.

"शेजारचे आनतात ना."

प्रणालीचं रडणं थांबलं.

भाषणं गेली, गळाभेट गेली. नव्या शेवटात चूल थंड आहे, आणि भांडलेली शेजारीण फडक्यात भाकरी बांधून, हातात पिठल्याचं भांडं घेऊन दारात उभी राहते. बोलत काहीच नाही.

फिल्म पुन्हा तिथेच दाखवली. कुणी हसलं नाही. प्रणालीची नजर पडद्यावरून हलली नव्हती. संपल्यावर सर तिला म्हणाले, "निवड होवो का न होवो, तुह्या बापानं खांद्यावरचा दुपट्टा दोनदा डोयाले लावला. मी पाह्यलं."

निवड झाली. पण फार्मसीचा विषय वडिलांनी त्याआधीच सोडला होता.

सर निवृत्त होऊन लेकीकडे अकोल्याला गेले. यंदा नव्या पोरांची फिल्म होती. खुर्च्या, वायर, पाणी, सगळं यादीबरहुकूम घेऊन मी मैदानावर पोचले. सर नव्हते म्हणून त्यांची उलटी खुर्ची मात्र यादीत धरली नव्हती. पाहते तो प्रणाली आधीच येऊन एक खुर्ची फिरवून बसलेली. पडद्याकडे पाठ, समोर रिकाम्या सतरंज्या, लोकांची वाट पाहत.