कोंबडीचे तेहतीस पेटे

कापूस बुडाला त्या वर्षी यवतमाळात कोंबड्या म्हाताऱ्या होऊन मरत होत्या. बोंडअळीनं शेत खाल्लं की लोक आधी चिकन सोडत, आणि चिकनवाले माशा हाकत बसत. नेमके तेव्हाच मला एम.एस्सी.च्या प्रयोगासाठी पेटे हवे होते. पेटा म्हणजे कोंबडीच्या पोटातली दाणे दळणारी गिरणी. तेहतीस जमवायला तीन आठवडे लागले. त्या काळात लोहाऱ्यापासून बसस्टँडपर्यंत एकही कोंबडी माझ्या परवानगीशिवाय कापली गेली नाही, हे मी शपथेवर सांगतो.

पेटाच का? तर त्यात भरपूर अपट्टकी स्नायू असतो; आपल्या आतड्यात असतो तसला, आपल्याला न विचारता चालणारा. त्याच्या पेशीत ॲक्टिनचे धागे असतात. मायोसिन ते ओढतं आणि स्नायू आवळतो. पण धाग्याला चिकटून काही प्रथिनं बसलेली असतात. त्यातलं एक कॅल्डेस्मॉन. कॅल्शियमचा निरोप येईपर्यंत ते मायोसिनला धागा ओढू देत नाही. शिवाय ते उकळूनही नासत नाही. खिमा मिठाच्या पाण्यात घोळवून उकळला की बाकीची बहुतेक प्रथिनं फाटलेल्या दुधासारखी गोळा होतात, हे पठ्ठं पाण्यात तसंच राहतं. आमच्या कॉलेजात रॉकेलचा स्टोव्ह होता, म्हणजे निम्मी प्रयोगशाळा होतीच.

ज्याचा प्रयोग साधेल त्याला आमचे सर हैदराबादच्या एका प्रयोगशाळेसाठी शिफारसपत्र देणार होते. पत्र एकच. माझ्या खोलीतला जोडीदार पांढरकवड्याकडचा. त्याचा प्रयोग गांडुळांवर होता. तरी पेटे साफ करून खिमा करायचं काम त्यानं आपणहून घेतलं.

"तू बस ना गड्या. तुले तं रक्त पाहूनच घेरी येते."

ते खरं होतं. हा माणूस नाही, देव आहे, असं मी चार लोकांत सांगत फिरलो.

उकळून गाळलेलं पाणी आणि थोडा कच्चा खिमा बर्फात घालून मी अमरावतीला नेला. तिथल्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी दोन्ही जेलवर चढवले. जेलवर प्रत्येक प्रथिनाची निळी रेघ उमटते. कॅल्डेस्मॉनची रेघ जिथं हवी तिथं कोरी जागा.

"कायचं मांस आणलं भाऊ?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"पेट्याचं."

"कच्च्या खिम्यात ट्रोपोनिन दिसून राह्यलं. हे प्रथिन पेट्यात नसते, हृदयात असते. हृदय असंन हे कोंबडीचं. कोणी बदलून तं नाही देल्लं?"

परतीच्या एसटीत नेर येईपर्यंत मी बाईंवर चिडलेला होतो. नेर सोडल्यावर आठवलं, खिमा कोणी केला होता.

थेट सरांच्या घरी गेलो. जोडीदार तिथंच बसला होता. सरांसमोर ताटली, ताटलीत परतलेले पेटे.

काकू म्हणाल्या, "घे रे, गरम हाये. तुह्या दोस्ताची कृपा. तीन आठवडे झाले, आणून देते बिचारा. ह्यायचा तं जीव हाये पेट्यात."

"सर, हे माझे पेटे आहेत," मी म्हणालो. "यानं मला हृदयांचा खिमा दिला आणि पेटे तुम्हाला चारले."

आयुष्यात पहिल्यांदा मी पदरचं काही न घालता बोललो होतो. सर इतके हसले की ठसका लागला.

"ऐकलं का? परवा हाच स्टँडवर चहा पिता पिता सांगत होता, पैनगंगा मगरीच्या पाठीवर बसून ओलांडली म्हणून!"

काकू हसल्या. जोडीदारही हसला, पण जरा उशिरानं.

मी जेलचा फोटो पुढे केला. सरांनी तेलकट बोट कोऱ्या जागेवर टेकवलं. "रेघ आलीच नाही की रे. प्रयोग फसला तर फसला म्हणावं, दोस्तावर कायले ढकलतोस? पत्र मी याला दिलंय."

हैदराबादच्या गाडीवर मी त्याला गाठलं. माफी बिफी काही नाही. एवढंच म्हणाला, "तुले बोलता येते बे. तू कुठीबी चालशीन. मले फक्त सुरी चालवता येते." आणि खिडकीची काच ओढून घेतली.

गाडी गेल्यावर मी स्टँडवरच्या चहावाल्याला सगळं सांगितलं. पेटे, हृदयं, ट्रोपोनिन, सरांचं तेलकट बोट. त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून शेवटपर्यंत ऐकलं. मग गाळणी झटकत म्हणाला, "मस्त हाये. पण भाऊ, मगर कवा येते?"