चावीवाल्याची भूक

चावीवाल्याच्या डोक्यातली गाठ निघाली, पण ती काढताना हायपोथॅलॅमस दुखावला. “मेंदूतला हा एवढासा तुकडा सगळ्या ग्रंथींना हुकूम सोडतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ग्रंथींचं काम गोळ्यांवर भागेल. पण पोट भरलं, हेही तोच सांगायचा. त्याला गोळी नाही.”

तेव्हापासून चावीवाला ताटावरून उठला की पुन्हा भुकेला. शेवटी वैतागून त्यानेच स्वयंपाकघराला स्वतः बनवलेलं पक्कं कुलूप ठोकलं आणि चावी बायकोच्या हवाली केली.

संध्याकाळी ती कामावरून आली. कुलूप जागच्या जागी होतं, आतले डबे मात्र चाटूनपुसून साफ.

“अहो, चावी तर माझ्याकडे होती!”

“कुलूप माझ्याच हातचं ना,” तो हुंदके देत म्हणाला. मग डोळे पुसून त्याने विचारलं, “जेवायला काय करतेस?”