एंटर दाबलं की वासरू

उमापूरच्या दूध संस्थेत जानकीबाईंना कॉम्प्युटर येतो, याचा अर्थ संचालक मंडळानं बरीच वर्षं असा धरला होता की त्या पडद्यावरची धूळ पुसतात. लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणारी ही बाई. उसाच्या मोळ्या मोजता मोजता आकडे शिकली. पुढं बीडला चुलत्याकडं राहून टायपिंग केलं, आणि टायपिंगच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास होता म्हणून सी नावाची भाषाही शिकून घेतली. क्लासचे सर म्हणाले होते, "बाई, गावाकडं याचा काय उपयोग न्हाई." जानकीबाई बरं म्हणून मान हलवून पुढच्या बाकावर बसत राहिल्या.

उपयोग झाला तो दोन हजार बाराचा पावसाळा कोरडा गेल्यावर. संस्थेनं गावाबाहेर चारा छावणी उघडली. जितकी जनावरं तितका सरकारी चारा, असा हिशेब असल्यामुळं रोज सकाळी फाटकावर जनावरं मोजावी लागत. संस्थेत एक जुना डॉसवाला कॉम्प्युटर होता. जानकीबाईंनी त्याच्यासाठी स्वतः प्रोग्राम लिहिला. एकचं बटण दाबलं की गाय, दोनचं म्हैस, तीनचं बैल. वासरं धावत सुटतात, त्यांच्यासाठी बटण शोधायला वेळ नसतो, म्हणून दुसरं कुठलंही बटण म्हणजे वासरू. नजर जनावरांवर, बोट बटणावर. बोट पडलं की मोजणी झाली.

फेब्रुवारीत तो कॉम्प्युटर उन्हानं की धुळीनं, पण कायमचा बसला. जिल्ह्याहून नवीन आला. त्यात डॉसऐवजी लिनक्स होतं. बसवायला आलेला धर्मराज नावाचा इंजिनिअर जानकीबाईंचा प्रोग्राम बघून म्हणाला, "ताई, दाबलेलं बटण वाचायला तुमी वापरलंय ते 'गेटच' फंक्शन इथं न्हाई. ते डॉसचं. मी त्याजागी 'गेटचार' टाकतो. भाऊच हाय त्याचा." एक शब्द बदलून, चहा पिऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी जानकीबाईंनी एकचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग एंटर दाबलं, तेव्हा कुठं गाय आत गेली. प्रत्येक जनावराला दोन बटणं! हात दुखले, पण मोजणी झाली. दुपारी बेरीज बघितली तर बाराशे चोवीस. जुन्या कॉम्प्युटरवरची शेवटची बेरीज सहाशे बारा होती.

त्यांनी घोटभर पाणी पिऊन विचार केला, आणि लक्षात आलं. 'गेटचार' भाऊ होता खरा, पण स्वभाव वेगळा. तो एंटर दाबेपर्यंत कुणाचं ऐकत नव्हता, आणि ऐकायला लागला की एंटरसुद्धा एक बटण म्हणून ऐकत होता. एक, दोन, तीन सोडून कुठलंही बटण म्हणजे वासरू. म्हणजे दर जनावरामागं एक वासरू कॉम्प्युटरच्या पोटी जन्माला येत होतं.

त्या चेअरमन विठ्ठलरावांकडं गेल्या. "साहेब, मोजणी चुकतीय. दुप्पट येतीय."

विठ्ठलरावांनी कागद हातात घेऊन प्रेमानं बघितला. "चुकतीय कशावरून? आधीचं यंत्र जुनं होतं, त्याला कमी दिसत आसंल."

"अवो, बैलाबरबर बी वासरू मोजलंय."

"जानकीबाई, सरकारी यंत्राला नावं ठेवू नका. लई महाग आसतंय ते."

महिनाभर छावणीची भरभराट झाली. दुष्काळात कळप कसा वाढवावा यावर विठ्ठलरावांनी तालुक्याला भाषणही केलं. मग एक दिवस तपासणीला साहेब आले. त्यांनी कागद बघितला, छावणीतून एक फेरी मारली आणि विचारलं, "एवढी वासरं कागदावर हायत, तर फाटकात शेण मोठ्या जनावरांचंच कावून?"

विठ्ठलराव एका क्षणात जागरूक झाले. "साहेब, एंटर बटणात दोष हाय. मला पहिल्या दिवसापासून संशय." आणि सगळ्यांसमोर त्यांनी शिपाई आसारामला हुकूम सोडला, "ते बटण काढ बे!"

आसारामनं स्क्रू-ड्रायव्हरनं एंटर उपटलं. आता वासरं जन्मायची थांबली, पण गाई-म्हशीही थांबल्या. कुठलंही बटण दाबा, कॉम्प्युटर आपला एंटरची वाट बघत गप्प. फाटकावर रांग लागली. ऊन चढलं. केशरबाई नावाची एक म्हातारी दोन म्हशींचे कासरे धरून ओरडली, "अवं, त्या बटणाला मागनं घाला चारा, आधी माझ्या म्हशींना पाजा पानी!"

जानकीबाईंनी बटण परत बसवलं. मग धर्मराजला फोन लावला. "डॉससारखं दाबल्याबरबर ऐकणारं तुमच्यात काहीच न्हाई का?"

"तसं तयार फंक्शन न्हाई, ताई. आपणच लिवावं लागतं. टर्मिनलला सांगायचं, एंटरसाठी थांबू नको म्हणून."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुमी विचारलं न्हाई."

फोन कानाशी धरून जानकीबाईंनी त्याच्याकडून सात-आठ ओळी उतरवून घेतल्या, दोन ठिकाणी त्याची चूक दाखवली, आणि रांगेसमोर बसून 'गेटच' नावाचं आपलंच फंक्शन लिहिलं. मग एकचं बटण दाबलं. गाय आत गेली, एंटरशिवाय. त्या नुसत्याच हसल्या. असं त्या छावणी उघडल्यापासून हसल्या नव्हत्या. बेरीज आली पाचशे अठ्ठ्याण्णव.

कागदावर राहिलेल्या वासरांचं काय, हा प्रश्न संचालक मंडळानं ठराव करून सोडवला: 'सदर वासरे मालकांनी घरी नेली.' बटणातला दोष ओळखल्याबद्दल विठ्ठलरावांचा सत्कार झाला. हार आणायचं काम जानकीबाईंकडं होतं.

पण धर्मराज बोलता बोलता सांगून गेला होता की असाच कॉम्प्युटर त्यानं धारूरच्या छावणीतही बसवलाय, आणि जानकीबाईंचाच प्रोग्राम तसाच तिथंही टाकलाय. आपल्या हातचा प्रोग्राम कुठंतरी खोटं बोलतोय, हे त्यांना सोसेना. रविवारी दोन एसट्या बदलून त्या धारूरला पोचल्या. तिथले चेअरमन अर्जुनराव म्हणाले, "बाई, आमची काय तक्रार न्हाई. आमची वासरं झ्याक हायत."

"कुठंयत?"

"डोंगरात चरायला गेलीत."

जानकीबाईंनी खिडकीतून डोंगराकडं बघितलं. गवताची काडी नव्हती. त्यांनी पिशवीतून कागद काढला, खुर्ची कॉम्प्युटरपुढं ओढली आणि अर्जुनराव फोन लावायला बाहेर गेले तेवढ्यात त्या आठ ओळी टाइप करायला घेतल्या.