डबल बेल

आमचे हे बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाले, गणवेश गेला, पण ती बस काही ह्यांच्या अंगातून उतरली नाही. जिन्यात दोन माणसं बोलत उभी दिसली की "चला, पुढे चला" म्हणणार. मी दारात शेजारणीशी जरा बोलत उभी राहिले तर मागे येऊन घसा खाकरणार. अडलेलं, थांबलेलं काही म्हणजे काही ह्यांना बघवत नाही. बसमध्ये एक बेल म्हणजे थांबा आणि दोन बेल म्हणजे निघा. ह्यांना लग्नापासून फक्त दुसरीच येत होती, असं माझं मत.

आमच्या इमारतीची वर्षातून एकदा सभा भरते. तळमजल्यावर त्यासाठी एक खोली आहे, तिच्यात कुरकुरणारा पंखा आणि एकमेकींत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पद्धत अशी की एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने "अनुमोदन" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा, मग हात वर. मांडणारे मिळतात हो, बोलायला काय जातं! दुजोरा द्यायला कोणी मिळत नाही. कारण अनुमोदन दिलं की उद्या पाण्याच्या टाकीत पाल सापडली तरी लोक तुमचंच दार वाजवणार. मग खोलीत सगळे गप्प होतात, पंख्याकडे बघत बसतात. ह्यांना ते सोसत नाही. "अनुमोदन!" की झालं. एका सभेत ह्यांनी जिन्याला हिरवा रंग द्यायलाही अनुमोदन दिलं आणि पिवळा द्यायलाही. तेव्हापासून इमारतीत ह्यांचं नाव पडलं, डबल बेल.

मी सभेला कधी जात नसे. कुकर लावायचा असायचा, पाहुणे यायचे असायचे, काही नसलं तर डोकं दुखायचं. खरं म्हणजे कंटाळा. सगळ्यांनाच कंटाळा. पाच-सात टाळकी जमायची, त्यातले दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले तर बसल्याबसल्या घोरायचे. लिफ्ट दुरुस्त करायची की नवी घ्यायची, यावर चर्चाच चर्चा, आणि आम्ही आपले पिशव्या घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकतोय. "कसल्या सभा घेता हो? चहा पिता नि उठता!" असं मीच ह्यांना ऐकवायचे.

अशात पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ राहायला आले. बांधकामावर माणसं हाकण्यात त्यांची उमर गेलेली, म्हणून सगळे त्यांना मुकादम म्हणायचे. त्यांनी कोणाला न विचारता माणूस बोलावला आणि आठवड्यात लिफ्ट चालू केली. टाकी धुतली, दिवे लावले. खोटं कशाला बोलू, मीही खूश झाले. असा एक माणूस असावा, बाकी सगळ्यांनी गप्प बसावं, असं इमारतीत जो तो म्हणायला लागला.

पुढच्या सभेत मुकादमांनी ठराव मांडला. सगळे अधिकार माझ्याकडे द्या, ही सभेची भानगड बंद करा, कामं मी करून दाखवतो. खोली गप्प. ह्यांनी मला नंतर सांगितलं की बँकवाल्यांनी "पण" म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंखोटं देव जाणे. त्याआधी ह्यांचं अनुमोदन पडलं होतं. सवय, दुसरं काय! हात वर झाले, मंजूर. घरी येऊन चप्पल काढताना मला म्हणाले, "आज लवकर संपली."

काही महिने मजेत गेले. मग सभेच्या खोलीला कुलूप लागलं, आत मुकादमांच्या सिमेंटच्या गोण्या. गच्चीला कुलूप. लिफ्टची किल्ली त्यांच्या खिशात, ज्याच्याशी त्यांचं बिनसलं त्याने जिना चढायचा. आणि मग त्यांची नजर गेली शिवणताईंवर. ताई तळमजल्यावर एकट्या राहतात, शिलाई मशीनवर त्यांचं घर चालतं. मशीनचा आवाज होतो, बंद करा, म्हणाले. ताईंनी ऐकलं नाही, तर सरळ त्यांची वीज तोडली.

ताई आमच्याकडे आल्या. अर्धवट शिवलेला एक फ्रॉक तसाच हातात होता. "काका, हे मी कुठे सांगायचं?"

"सभेत मांडा," हे सवयीने म्हणाले. सभा होती कुठे?

"बंद करायला अनुमोदन तुम्हीच दिलं होतं ना?" ताईंनी विचारलं. रागाने नाही हो, साधंच विचारलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून ह्यांच्या तोंडाला कुलूप बसलं. जिन्यात कोणी वाट अडवून उभं असलं तरी हे आपले भिंतीला घासून खाली मान घालून जाणार. आयुष्यभर ज्या "पुढे चला"ने माझा जीव खाल्ला, ते ऐकू येईना तर मला घर खायला उठलं. "अहो, काहीतरी बोला की," म्हटलं तर म्हणाले, "अगं, बोललो तेच पुष्कळ झालं."

आणि इमारतीतले लोक बघा! जे कधी सभेकडे फिरकले नाहीत, ते आता जिन्यात उभे राहून सभेची आठवण काढायला लागले. काय आपल्या सभा असायच्या, काय मोकळेपणाने बोलायचो आपण! बँकवाल्यांनी असा उसासा टाकला तेव्हा मात्र माझं टाळकं सटकलं. "तुम्ही कधी बोललात हो? तुमचं घोरणं तेवढं आमच्या ह्यांनी ऐकलंय!" ते हसले नाहीत. म्हणाले, "काकू, तेव्हा घोरता तरी येत होतं."

एका रविवारी सकाळी सगळे खाली उतरले आणि मुकादमांच्या दारासमोर जिन्यात बसले. कोणी बोलावलं, कोणी ठरवलं, मला विचारू नका. तान्ह्या पोरांना घेऊन बायका आल्या, गुडघे धरत म्हातारे आले. ताई पहिल्या पायरीवर आणि त्यांच्या शेजारी आमचे हे. मुकादम पिशवी घेऊन बाहेर पडले तर पाय ठेवायला जागा नाही. आधी हसले, मग ओरडले. शेवटी ह्यांना म्हणाले, "ओ डबल बेल, सरका बाजूला!" हे वर बघतही नव्हते. जन्मभर दुसऱ्यांना सरकवलेला माणूस, त्या दिवशी तसूभर हलला नाही.

दुपारपर्यंत किल्ल्या मिळाल्या. गोण्या बाहेर निघाल्या, सभा भरली, आणि अशी भरली की माणसं खिडकीत लटकत होती. मुकादमांचा ठराव रद्द झाला. ताईंच्या घरी दिवा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मात्र मागच्या खुर्चीत गप्पच होते.

आता परवाची गोष्ट. वर्ष उलटलं, पुन्हा सभा आली. ह्या वेळी मीच ह्यांना ओढत नेलं, कारण हे घरातून हलेनात. जाऊन बघते तर खोलीत पुन्हा तीच पाच-सात टाळकी. एवढे जिन्यात बसलेले, खिडकीत लटकलेले, गेले कुठे सगळे? ताईसुद्धा आल्या नव्हत्या. त्यांच्याकडे शिवायला ढीग पडला होता. भिंतीपलीकडून मशीनची खडखड ऐकू येत होती.

अध्यक्ष चौथ्या मजल्यावरचे औषधवाले. दिवसभर दुकानात उभं राहून येतात बिचारे, भला माणूस आहे, कोणाचं वाकडं चिंतणार नाही. डोळे चोळत म्हणाले, "कोणी येतच नाही. मग दर वर्षी खुर्च्या मांडायच्या कशाला? पाच वर्षांतून एकदा सभा घेऊ. तोवर सगळं मी बघतो. माझा ठराव आहे. अनुमोदन?"

खोली गप्प. पंखा कुरकुरत होता. आणि हळूहळू सगळ्यांच्या माना आमच्या ह्यांच्याकडे वळल्या. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "म्हणून टाका काका, घरी जाऊ दे."

ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. हाताने खुर्चीची कड घट्ट धरली होती. ह्या माणसाला मी ओळखते. थांबून राहणं त्यांना किती जड जातं ते मला माहीत. तरी तोंडातून शब्द नाही. बँकवाले जागे झाले, इकडे तिकडे बघितलं आणि सुटका करून घ्यायची म्हणून हात वर करायला लागले.

"माझा विरोध आहे," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. बँकवाल्यांचा हात मधेच थांबला. औषधवाले दमलेल्या आवाजात म्हणाले, "का हो, काकू? कारण?"

कारण कुठलं, मी काय घोकून गेले होते? भिंतीपलीकडची मशीन तेवढी ऐकू येत होती. "कोणाची वीज तोडली तर तिने पाच वर्षं कुठे सांगायचं?" मी म्हटलं. "आणि मला दर वर्षी भांडायचंय. आजवर भांडले नाही, ते सगळं बाकी आहे."

कोणी हसलं, कोणी च्यक् केलं. बँकवाल्यांनी हात खाली घेतला. पुन्हा सगळे गप्प, आणि मी आपली एकटी उभी. बसावं की उभं राहावं तेही कळेना.

तेवढ्यात शेजारून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"अनुमोदन," हे म्हणाले.

औषधवाल्यांनी कपाळाला हात लावला. "काका, विरोधाला अनुमोदन लागत नाही हो!"

"माहीत आहे मला," हे म्हणाले, आणि माझ्या शेजारी उभे राहिले.